माग चालू ठेवणाऱ्या जॉबरचा हिशोब कुणी धरणार का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि चालू ठेवणारा म्हणून काम करतो, आधी साध्या मागावर होतो आणि आता काही वर्षं रेपिअर आणि एअरजेट या बिनधोट्याच्या नवीन मागांवर आहे. आपला पेपर मी रोज वाचतो आणि यंत्रमागाची बातमी असली की आधी तीच वाचतो. सुताचा भाव वाढला, वीजदर वाढले, २७ एचपी (हॉर्सपॉवर) जोडभाराच्या आतल्यांना सवलत किती आणि वरच्यांना किती, सबसिडी अडकली, मजुरीवाढीची बैठक फिसकटली, हे सगळं येतं आणि यायलाच पाहिजे कारण त्यावर आमच्या गावाचं पोट आहे. पण इतक्या बातम्यांत जॉबर, फिटर, मेंटेनन्सवाला हा शब्द मला शोधून सापडत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. लांबलं तर सांभाळून घ्या, कारण हे आधी कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला हे आमच्या गावातल्या पोरापोराला माहिती आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान पण आहे. पण तो माग पहिल्यांदा अडला तेव्हा तो कुणी खोलला, कुणी परत जोडला, त्या माणसाचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिथपासून आजपर्यंत हे असंच चाललंय. कापड विणतो तो विणकर दिसतो, माग ज्याचा तो मालक दिसतो, सूत देतो तो व्यापारी दिसतो, आणि माग चालतो तो आपोआप चालतो असं सगळ्यांना वाटतं.

साधा माग आपोआप चालत नाही साहेब. बाहेरून बघणाऱ्याला एक मोटर, एक पट्टा आणि खटखट आवाज एवढंच दिसतं, पण आत एकेका पिकाला (पीक म्हणजे आडवा धागा एकदा टाकणं) किती गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात ते सांगतो. क्रँक दोन फेरे फिरला की खालचा टॅपेट शाफ्ट एक फेरा फिरतो, त्याच्यावर वह्या (उभे धागे ओवलेल्या चौकटी) वरखाली होतात आणि ताण्याच्या तारा, म्हणजे उभे धागे, फाकतात, त्या फाकलेल्या जागेतनं धोटा एका बॉक्समधनं दुसऱ्या बॉक्समध्ये जायचा, मग फणी येऊन तो आडवा धागा ठोकणार. धोट्याला मार कधी बसला पाहिजे तर क्रँक खाली आला की त्याच्या आसपास, थोडा लवकर बसला तर तारा पूर्ण फाकलेल्या नसतात आणि धोटा त्यांना घासत जातो, उशिरा बसला तर धोटा बाहेर पडायच्या आत तारा मिटायला लागतात. मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा हे होतं. यात पिकर (धोट्याला मार देणारा भाग) झिजला, पट्टा ढिला झाला, मार देणारी काठी वाकली, बॉक्स जरा सैल झाला, ब्रेकचं लेदर गुळगुळीत झालं, यातलं काहीही एक झालं की पहिल्यांदा फक्त आवाज बदलतो. कापडात दोष नंतर दिसतो. जॉबर तो आवाज आधी ओळखतो, शेडमध्ये एवढे माग एकदम चालू असताना कुठल्या मागाचा मार हलका बसतोय हे त्याला दुसऱ्या ओळीतनं चालत जाताना कळतं, आणि हे कुठल्याही पुस्तकात नाही, हेल्पर म्हणून एखाद्या उस्तादाच्या मागं पाने घेऊन फिरल्याशिवाय येत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. विणकराची मजुरी पिकावर आणि मीटरवर ठरते. जो मालक स्वतःचं सूत घेत नाही, व्यापाऱ्याचं सूत घेऊन खर्चीनं (म्हणजे मजुरीवर) विणून देतो, त्याला पण पैसे पिकावरच मिळतात. म्हणजे माग थांबला की दोघांचं नुकसान त्याच मिनिटाला सुरू होतं. म्हणून जॉबरकडं सगळ्यांचं एकच मागणं असतं, लवकर चालू कर. नीट कर असं क्वचित कुणी म्हणतं. नट ढिला आहे, आवळ आणि सोड. पिकर गेलाय, आज चालव, बीम (उभ्या धाग्यांचा रोळ) संपल्यावर बदलू. ऑइलिंग उद्या. गिअरचा दात तुटलाय, अजून आठवडाभर ओढेल. बीम संपतं तेव्हा नवीन बीम जोडायची घाई असते आणि ते राहिलेलं काम परत पुढच्या बीमवर जातं. बीम संपल्यावर माग रिकामा असतो, ती खरं तर मेंटेनन्सची सगळ्यात चांगली वेळ, पण त्या वेळेत वहीफणीवाले, बीम चढवणारे आणि मी असे सगळे एकाच मागाभोवती असतो आणि मालक घड्याळ बघत उभा असतो.

मी त्याला दोष देत नाही. त्याच्यावर बँकेचा हप्ता आहे, वीजबिल आहे, व्यापाऱ्याची डिलिव्हरी आहे. पण जरा आकडा मांडून बघा. ५२ पिकाचं कापड, मागाची स्पीड १५०, म्हणजे तासाला नऊ हजार पिकं, इंचाला ५२ धरली तर साधारण १७३ इंच, म्हणजे अगदी न थांबता चालला तर तासाला साडेचार मीटरच्या आत कापड. आठवड्याला एका मागाला एक तास दिला, साफसफाई केली, तेल घातलं, सगळे नट बघितले, पिकर पट्टा बघितला, ब्रेक बघितला, तर जातंय किती, साडेचार मीटर. आणि हे न केल्यानं एक दिवस धोटा मध्येच अडकला आणि लूज रीडची (धोटा अडकला की मागं सरणाऱ्या फणीची) पकड बिघडलेली असल्यामुळं फणी वेळेवर मागं सरली नाही तर ताण्याच्या शेकडो तारा एका झटक्यात तुटतात, मग त्या एकेक करून वहीतनं आणि फणीतनं परत ओवायला अख्खी पाळी जाते, आणि तरी त्या जागी कापडावर डाग राहतोच, तो मीटर सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात जातो. हे गणित अवघड नाही. पण साडेचार मीटर आज दिसतात आणि अख्खी पाळी कधीतरी जाणार असते, म्हणून कुणी थांबत नाही.

एअरजेटवर हेच गणित अजून ताणलं जातं. तिथं स्पीड ८०० धरा, तासाला तेवीस मीटरच्या वर कापड निघतं, म्हणून तो थांबवायला कुणाचंच मन होत नाही. पण तिथं आडवा धागा हवेच्या झोतानं जातो, ती हवा कोरडी आणि तेल नसलेली पाहिजे, कॉम्प्रेसरचा ड्रेन वेळच्या वेळी काढला नाही, ड्रायर बघितला नाही, फिल्टर बदलला नाही की पाणी नोझलपर्यंत येतं, मग धागा पुढं ढकलणारे रिले नोझल चोक होतात, धागा मध्येच मरतो, माग परत परत थांबतो आणि विणकराला वाटतं सूत खराब आहे. पाईपलाईनला बारीक गळती असेल तर कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि वीज हवेत जाते. वीजबिलावर आपल्याकडं एवढी आंदोलनं होतात, रास्तच आहेत, पण रात्री सगळे माग बंद असताना शेडमध्ये उभं राहून सूं आवाज कुठनं येतोय ते शोधायला जॉबरला दोन तास दिले तर त्या बिलातला काही भाग आपल्याच हातात आहे हे पण कुणीतरी बोललं पाहिजे.

आता हातापायाचं सांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात लिहून ठेवलं होतं की मशीन चालू असताना तपासणं, तेल घालणं, ॲडजस्ट करणं हे फक्त खास ट्रेनिंग घेतलेल्या माणसानंच करायचं, त्याचं नाव रजिस्टरला पाहिजे, आणि त्याचे अंगाला घट्ट बसणारे कपडे मालकानं द्यायचे. इतका बारकाईचा विचार त्या कायद्यात केलेला होता. आमच्या बाजूला बरेच कारखाने इतके लहान आहेत की कामगारांच्या संख्येत ते असल्या कायद्याच्या खालीच राहतात, एका शेडमध्ये एका नावावर थोडे माग, बाजूच्या शेडमध्ये दुसऱ्या नावावर थोडे. तिथला जॉबर चालू मागावर वाकून काम करतो, लुंगी किंवा सैल शर्ट, गळ्यात टॉवेल. का चालू मागावर करतो असं विचाराल तर दोन कारणं आहेत. एक, काही दोष माग चालू असतानाच कळतो, ते खरंच आहे आणि त्याला इलाज नाही. दुसरं, थांबवला की विणकर बघतो, मालक बघतो. पहिल्या कारणासाठी त्या कायद्यानं ट्रेनिंग आणि कपडे सांगितले होते, दुसरं कारण तर असायलाच नको.

माझ्या ओळखीच्या एका जॉबरची दोन बोटं गिअरमध्ये गेली, त्या गिअरवरचं कव्हर काढलेलं होतं कारण सारखं काढघाल करायला वेळ लागतो. धोटा उडून लागलेले लोक तर प्रत्येक गल्लीत भेटतील, कपाळाला, गालाला, एकाचा डोळा गेला. धोटा असाच उडत नाही. तुटलेली तार फाकलेल्या तारांत गुंतून धोट्याला उचलते, किंवा मार बिनवेळी बसतो, किंवा पिकर एका बाजूनं झिजून धोट्याला तिरकं ढकलतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वेळी ते राहून गेलेलं मेंटेनन्सच असतं. समोर धोटा अडवणारा गार्ड असतो, तो पण बीम जोडताना काढला जातो आणि कोपऱ्यात पडून राहतो.

आणि कान. साध्या मागाच्या शेडमध्ये आवाज ९५ डेसिबलच्या पुढं सहज जातो, आठ तासांसाठी ९० ची मर्यादा धरतात आणि आमची पाळी बारा तासांची. आवाजानं येणारं बहिरेपण हे नोंद करायच्या आजारांच्या यादीत आहे, कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार पण आहे. पण नोंद करायला आधी तपासणी व्हायला पाहिजे ना. आमच्यातले जुने जॉबर घरात मोठ्यानं बोलतात, टीव्ही मोठा लावतात, नातवंडं हसतात आणि घरच्यांना वाटतं वयामुळं आहे. मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की ज्या कानावर हा माणूस कमावतो, आवाजावरनं दोष ओळखतो, तोच कान आधी जातो. इअरप्लग काही रुपयांना मिळतात. काही जॉबर म्हणतात ते घातले की मागाचा आवाज कळत नाही, मी पण आधी तसंच म्हणायचो, पण सवय झाली की प्लग घालून सुद्धा बिघडलेला माग वेगळा कळतो, मी रोज वापरतो म्हणून खात्रीनं सांगतो.

आता नवीन मशीनचं. १९९९ पासून टफ (मशीन सुधारायला मदत देणारी केंद्राची) योजना आली, नंतर तिचीच सुधारलेली रूपं आली, शटललेस म्हणजे बिनधोट्याचे माग आले, बरेचसे सेकंडहँड बाहेरच्या देशातनं आले. २०१७ मध्ये यंत्रमागासाठीची पॉवरटेक्स इंडिया ही केंद्राची योजना भिवंडीतनं सुरू झाली, त्यात साध्या मागाला वार्प स्टॉप मोशन (उभी तार तुटली की माग थांबवणारं), वेफ्ट स्टॉप मोशन (आडवा धागा तुटला की थांबवणारं), चांगला ब्रेक, सेमी पॉझिटिव्ह लेट ऑफ (ताणा बेतानं सोडणारा), स्वतःला तेल न लागणारे नायलॉनचे पार्ट असं काय काय बसवायला सबसिडी होती. योजना चांगली होती, मी मनापासून सांगतो, तार तुटली की माग आपोआप थांबला तर विणकराची अर्धी धावपळ वाचते आणि कापड सुधारतं. पण मशीनला पैसे आले आणि मशीन सांभाळणाऱ्याला शिकवायला आमच्यापर्यंत काही आलं नाही. वार्प स्टॉप मोशन बसवलेले पण वायर काढून ठेवलेले माग मी स्वतःच्या डोळ्यानं बघितलेत. का काढली, तर पिनांत कचरा साठला की माग उगाच थांबतो, तो कचरा कसा आणि किती दिवसांनी काढायचा, कॉन्टॅक्ट कसे साफ करायचे हे तिथल्या जॉबरला कुणी सांगितलंच नव्हतं, मग त्यानं सगळ्यात सोपं ते केलं. सरकारचे पैसे गेले, मालकाचे पैसे गेले आणि माग होता तिथंच.

सेकंडहँड रेपिअर येतो तेव्हा त्याच्याबरोबर मॅन्युअल आलं तर नशीब, आलं तरी जर्मन नाहीतर इटालियनमध्ये. मी काही सेटिंग फोटो बघून आणि अंशांचे आकडे वाचून शिकलो. रेपिअरवर सगळं मागाच्या एका फेऱ्याच्या अंशात असतं, फणी ठोकते तो शून्य, दोन्ही रेपिअर, म्हणजे धागा नेणारे हात, मध्ये भेटून धागा एकाकडनं दुसऱ्याकडं देतात ते साधारण १८० अंशावर. ज्याला साध्या मागाचं टायमिंग हाताला बसलेलं आहे त्याला हे एकदा समजावून सांगितलं तर लगेच कळतं, कारण गोष्ट तीच आहे, तारा फाकायच्या, धागा जायचा, फणी ठोकायची. इलेक्ट्रॉनिक कार्डाचं मात्र तसं नाही. व्होल्टेज वरखाली झालं आणि कार्ड गेलं की आम्ही हतबल, ते बाहेरगावी रिपेअरला जातं, तोवर माग उभा. शेडमध्ये दमटपणा ७० ते ८० टक्क्यांत पाहिजे सुती धाग्याला, त्याच दमटपणात पॅनलच्या आत धूळ चिकटते, पॅनलचा फॅन आणि फिल्टर साफ ठेवला तर निम्मी कार्डं वाचतील असं माझा अनुभव सांगतो, पण तो फिल्टर काढायचा असतो हेच कितीतरी ठिकाणी माहिती नाही.

आमच्या गावात १९८२ पासून डीकेटीई सारखी मोठी टेक्स्टाईलची संस्था आहे, तिथनं इंजिनिअर होऊन पोरं देशभर जातात, आयटीआय पण आहे. पण पहाटे सहाला पाळीवरनं सुटणारा, दहावी न झालेला, पन्नाशीकडं आलेला जॉबर तिथं जाऊन काय शिकणार आणि कधी. त्याला रविवारी दोन तास, मराठीत आणि हिंदीत, कारण आता निम्मे हेल्पर उत्तर प्रदेश, बिहारकडचे आहेत, मशीनसमोर उभं करून शिकवलं पाहिजे. अनुभव बघून प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे, आरपीएल म्हणतात तिला, ती जॉबरसाठी नीट राबवली तर ज्या माणसानं आयुष्यभर माग खोलले त्याच्या हातात एक कागद तरी येईल. त्या कागदाची किंमत मला माहिती आहे. आज जॉबर गाव सोडून दुसरीकडं गेला, सुरतला गेला, तर त्याला परत हेल्परच्या पगारावर सुरुवात करावी लागते कारण त्याला काय येतं ते सांगणारं काहीच त्याच्याकडं नसतं.

आणि नवीन पोरं येत नाहीत. माझा मुलगा येणार नाही, मी त्याला आणणार पण नाही, हे लिहिताना बरं वाटत नाही कारण मला हे काम आवडतं. बंद पडलेला माग खोलून, दोष शोधून, परत चालू केल्यावर पहिल्या दहा-वीस पिकांचा आवाज बरोबर लागला की जे समाधान मिळतं ते दुसऱ्या कशात नाही. पण बारा तास, सुट्टी नाही, पीएफ नाही, बोटांची खात्री नाही, कानाची तर नाहीच, अशा कामात मी पोराला कशाच्या जोरावर बोलवू. पुढच्या काही वर्षांत जुने जॉबर घरी बसतील तेव्हा हे लाखो-करोडोंचे माग कोण चालू ठेवणार याचा विचार मालक संघटनांनी आत्ताच केला पाहिजे, कारण जॉबर एका वर्षात तयार होत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. मजुरीवाढीच्या बैठका होतात त्यात कामगार संघटना आणि मालक संघटना दोघांनी बसून प्रत्येक मागाला आठवड्यातनं एक तास मेंटेनन्सचा ठरवून द्यावा, त्या तासाला विणकराची मजुरी धरावी म्हणजे तो जॉबरवर चिडणार नाही, आणि त्या तासात मोटरचा स्विच बंद करून किल्ली जॉबरच्या खिशात असावी, दुसऱ्या कुणी चुकून चालू करू नये म्हणून. सगळे माग एकदम थांबवायची गरज नाही, रोज चार-पाच असे फिरवून घेता येतात. मी सध्या जिथं काम करतो तिथल्या मालकानं हे सुरू केलंय, आधी त्याला पण पटत नव्हतं, आता तो स्वतः नोंदवही ठेवतो, कुठल्या मागाला कधी काय बदललं, आणि पार्टचा खर्च कुठं जातोय ते त्याला पहिल्यांदा दिसायला लागलं. मोठ्या मिलमध्ये हे पूर्वीपासून होतं, लहान शेडमध्ये पण होऊ शकतं. सरकारनं यापुढं मशीनला सबसिडी देताना त्यातला थोडा हिस्सा ते मशीन सांभाळणाऱ्याच्या ट्रेनिंगला बांधून द्यावा, आणि मशीन देणाऱ्यानं मराठीत मॅन्युअल दिल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

आपल्याला एक विनंती. आपल्या पेपरात आठवड्यातनं एकदा यंत्रमागाच्या बातम्यांशेजारी मेंटेनन्सचं छोटं सदर सुरू करता आलं तर बघा, एका वेळी एकच विषय, आज पिकर, पुढच्या वेळी ब्रेक, मग कॉम्प्रेसरचा ड्रेन. लिहायला माझ्यासारखे बरेच जॉबर तयार होतील, लिहिता येत नसेल ते सांगतील आणि आपला माणूस लिहून घेईल. इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात, सोलापुरात, विट्याला चहाच्या टपरीवर पेपर वाचणारे हेल्पर खूप आहेत. पहिला विषय मी सुचवतो, धोटा का उडतो. त्याची सगळी माहिती चित्रासकट मी आपल्या ऑफिसला आणून देईन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक जॉबर, इचलकरंजी